आठशे शहाण्णव

उद्यमबागेत रात्री साडेआठला
दुसऱ्या पाळीच्या जेवणाचा भोंगा होतो
आणि माझी स्क्रिप्ट चौथ्यांदा पडते.
ओळ एकशे बारा.

पतसंस्थेचे सभासद चार हजार दोनशे सात.
नावं मराठीत,
यादी पाहिजे कानडीत, सोमवारी सकाळी.
सेक्रेटरी म्हणाले, दोन पोरं बसवूया की टायपिंगला.
मी म्हटलं, कशाला, दोन तास द्या.
ही गोष्ट बुधवारची. आज शनिवार.
हातानं केलं असतं तर काल संपलं असतं,
असं सुलभा म्हणाली.
प्रोग्रामरच्या बायकोनं हे वाक्य
निदान जेवताना तरी बोलू नये.

गंमत अशी, की
मराठी क आणि कानडी क यांच्यात
नेमकं आठशे शहाण्णवचं अंतर.
ख ते ख तेवढंच. ळ ते ळ तेवढंच.
कुणीतरी लांबच्या कुठल्या खोलीत बसून
अक्षरांना घरनंबर दिले, तेव्हा
दोन्ही गल्ल्या एकाच दोरीनं आखल्या.
आठशे शहाण्णव मिळवा, की
यल्लाप्पा धोंडिबा सांबरेकर
तोच काना, तीच वेलांटी सांभाळत
चप्पलसुद्धा न काढता पलीकडे.

एका ओळीचं काम.

पण कॅम्पात राहणारे सगळे अडकले.
'कॅ'वरच्या चंद्राला
पलीकडे त्या नंबरचं घरच नाही.
पडद्यावर रिकामा चौकोन.
डॉक्टर, चौकोन. ऑइल मिल, चौकोन.
साहेबाकडून उसने आणलेले स्वर तेवढे
नाक्यावर पिशव्या घेऊन बसलेले.
आणि ए.
आमचा ए एकच, लांब.
त्यांच्याकडे दोन, आखूड आणि लांब.
त्यामुळे चार हजार पत्त्यांत बेळगाव
जांभई दिल्यासारखं ताणलं गेलं.

माझा कीबोर्ड नऊ किलोचा आहे.
फाउंड्रीतल्या नजीरनं खालचा साचा
उरलेल्या बिडात ओतून दिला.
बटणं मी स्वतः डाग देऊन जोडली, एक्क्याऐंशी,
त्यातलं एक अजून कशालाच जोडलेलं नाही.
लोक विचारतात, एवढा जड कशाला?
रागानं उचलून फेकता येऊ नये म्हणून.

साडेनऊला लॅपटॉप काखेत मारून
अनगोळात मुचंडी टीचरांचं दार वाजवलं.
चाळीस वर्षं कानडी शिकवलेली बाई,
भाकरी अर्धी टाकून चष्मा लावला.
"क्यांप लिही रे, क्यांप. आम्ही तसंच लिहितो."
चौकोन मिटले.
बेळगावचा ए आखूड केला.
मग कुऱ्हाडे आडनावापाशी बोट थांबलं.

"हे अक्षर कुठनं काढलंस?
हे मेलंय. जुन्या शिलालेखात असायचं.
वर्गात मी एकदासुद्धा लिहिलं नाही."

मी म्हटलं, टीचर, माझ्याकडचा ऱ आहे हा.
तऱ्हा, बिऱ्हाड, दुसऱ्याचं.
आम्ही रोज वापरतो,
आठशे शहाण्णव मिळवले, आणि हे आलं.

त्या बघत राहिल्या.
भाकरी गार झाली.
"आता साधा र कर," म्हणाल्या,
"बँकेत कुणाला वाचता येणार नाही."
आणि लगेच,
"थांब. मला एकदा नीट बघू दे."

रात्री पावणेबाराला चालली.
चार हजार दोनशे सात, चुका शून्य.
एकशे बाराव्या ओळीवर टीप टाकली:
मुचंडी टीचरना विचारून केलंय, हात लावू नका.

सोमवारी नजीरकडे जाणार आहे.
त्या रिकाम्या बटणावर
ते अक्षर कोरून घ्यायचं.
दाबलं तर काही होणार नाही.